‘माँ रोबोट’ : एका नांवाचा विचार

गोव्यांत फोंडा तालुक्यांतील बेतोडा येथील एका रोजंदारी कामगारानें आपल्या अपंग मुलीसाठीं जेवूं घालणारें यंत्र तयार केलें, ही वार्ता सप्टेंबर 2022 मध्यें वृत्तपत्रांनीं छापली. मुलगी चौदा वर्षांची. तिला हात हलवितां येत नाहींत. तिला भरविणारी आई अंथरुणाला खिळली, तेव्हां जेवणाच्या वेळीं काम टाकून बापाला घरीं धांवावें लागे. यंत्रविद्येचें शिक्षण नसतां, दिवसाचे बारा तास काम करून उरलेल्या वेळांत तो शिकला, आणि चार महिन्यांत यंत्र उभें राहिलें. मुलगी बोलून भाजी मागो वा वरणभात, तो घांस यंत्र तिच्या मुखाशीं नेतें. त्याला नांव दिलें ‘माँ रोबोट’.

या नांवाविषयींच आम्हांला दोन शब्द लिहावयाचे आहेत. आमच्या वाचनांत आलेले वृत्तांत बापाच्या वात्सल्यानें ओथंबलेले आहेत. मुलगी त्यांत घांस घेण्यापुरती येते. ‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकांतून जगांत पसरला, आणि चेक भाषेंत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ! आई आणि वेठ अशा एका दावणीला बांधल्या गेल्या. हें अजाणतां घडलें, पण खोटें नाहीं. पंगु माणसाला भरविणें, धुणें, त्याची कूस बदलणें हें आपल्याकडे घरांतील बायांनीं करावयाचें. त्याला ममता म्हटलें कीं मोजदाद संपली.

इंग्लंडांत कील विद्यापीठांत 1987 सालीं ‘सेरेब्रल पाल्सी’ असलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला आपलें आपण जेवतां यावें म्हणून असेंच यंत्र झालें. त्याचें नांव ‘हँडी 1’. त्या नांवांत हात आहे, माय नाहीं.

प्रस्तुत लेखकाच्या धाराशिवच्या घरीं एक चुलती अर्धांगवायूनें अंथरुणावर होती. कॉलेजला जाण्यापूर्वीं तिला भरविण्याचें काम कांहीं काळ आमच्याकडे असे. चौथ्या-पांचव्या घांसालाच ती ‘पुरे’ म्हणे. भूक मंदावली असावी, असें आम्ही समजत होतों. एका रविवारीं तिनें दुधांत भाकरी कुस्करून मागितली आणि सगळी खाल्ली. एरवीं आमची नजर घड्याळाकडे जाते, हें तिला घांसागणिक दिसत होतें.

यंत्र घड्याळाकडे पाहत नाहीं, आणि त्याचे उपकारहि होत नाहींत. तें आईसारखें नाहीं, हाच त्याचा गुण. गोव्याच्या त्या मातेचा आग्रहहि वार्तेंत नमूद आहे : वेळेवर जेवण्यासाठीं मुलीला कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागूं नये. ज्या बाईला भरवितां येत नाहीं म्हणून रडूं येई, तिनें हें मागावें! तिची ही मागणी टीकाकारांनीं वात्सल्यरसांत बुडवून टाकली.

ज्वारीची भाकरी कुस्करणें त्या यंत्राला साधेल काय, आणि उन्हाळ्यांत भर दुपारीं वीज गेली तर काय, हे आमच्या जिल्ह्याचे प्रश्न आहेतच. नांव मात्र बदलावयाचें झालें तर त्या मुलीला विचारावें. हुकूम तिच्याच तोंडचा चालतो.