सही कोणाची, साक्ष कोणाची?

जुन्या मराठी दस्ताच्या शेवटी नुसती सही नसते. ‘निशाणी डावा अंगठा’ असेल, तर तो कोणाचा हे शेजारी लिहिलेले असते. मजकूर वाचून दाखवल्याचा उल्लेख, साक्षीदारांच्या सह्या आणि दस्तलेखकाचे नाव असते. सही हा चारचौघांत दिलेला शब्द होता. असे कागद किती दूर पोहोचतात, हे जालना जिल्ह्याने अलीकडेच पाहिले. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर निजामकालीन उर्दू आणि मोडी नोंदींचा शोध सुरू झाला आणि पाऊणशे वर्षांपूर्वीची दप्तरे पुन्हा उघडली गेली.

आता सही पडद्यावर आली आहे. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. १५ रुपयांत उतारा मिळू लागला आणि सज्जावरचे हेलपाटे वाचले. या बदलाचे स्वागतच करायला हवे, कारण इथे सही तलाठ्याची आहे आणि ती त्याच्याच दप्तरातील नोंद प्रमाणित करते. शेतकऱ्याची स्वतःची ई-स्वाक्षरी मात्र वेगळी. तिथे तो संमती देत असतो.

आधारशी जोडलेल्या ई-साइन पद्धतीला २०१५ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘ई-हस्ताक्षर’ ही अशीच एक सेवा. कर्जाचे किंवा अन्य व्यवहाराचे अ‍ॅप तिला जोडून घेता येते. कागद अ‍ॅपकडेच राहतो. सेवेकडे जातो तो कागदाचा ‘हॅश’, म्हणजे गणिताने काढलेला ठसा. सही करणाऱ्याची ओळख ओटीपीने किंवा बोटाच्या ठशाने पटते. मग एकदाच वापरायची किल्ली तयार होते, सही उमटते आणि किल्ली नष्ट होते. नंतर मजकुरात एक काना बदलला तरी तो पकडला जातो.

मजकूर तिसऱ्याच्या हाती पडत नाही, हा या रचनेचा मोठा गुण. तिची मर्यादाही त्याच गुणातून येते. सही कोणी केली हे सेवेला कळते, पण त्याने काय वाचले हे कळत नाही. पुराव्याचा कायदा तर सुरक्षित इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीमागे मान्यतेचा हेतू गृहीत धरतो. मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या सेवा केंद्रात कोणी समोरच्या चालकाला ओटीपी तोंडी सांगितला, तर तो हेतू नेमका कुठे शोधायचा? ओटीपीच्या संदेशात कराराच्या अटी नसतात.

म्हणून टीकेचा रोख सहीच्या गणितावर नसावा, ती जोडून घेणाऱ्या अ‍ॅपवर असावा. दस्तलेखक आणि साक्षीदार यांची जागा आज अ‍ॅपच्या पडद्याने घेतली आहे. मग त्यांची कामेही त्याने केली पाहिजेत. ओटीपी मागण्यापूर्वी पूर्ण मजकूर मराठीत दाखवावा, निरक्षरासाठी तो ऐकवावा, आणि सही झालेली प्रत त्याच क्षणी सही करणाऱ्याच्या हाती द्यावी. यातले काहीच तंत्रज्ञानाला अवघड नाही. दस्तलेखक तेच काम टाक आणि दौतीने करत होता.