तारकेविना पुनर्रचना

नॉर्वेतील लोफोटेन बेटांवर बोर्ग येथे १९८१ साली नांगरटीत प्राचीन वस्तीच्या खुणा सापडल्या. पुढील उत्खननात सरदाराच्या ८३ मीटर लांबीच्या व्हायकिंगकालीन घराचा आराखडा मिळाला. त्यावरून उभारलेले घर १९९५ पासून प्रेक्षकांस खुले आहे. तत्कालीन वेश केलेले कथक तेथे जुना वृत्तांत सांगतात.

बांधकाम स्तुत्य आहे. आमचा आक्षेप कथनास आहे. मातीने खांबांचे खळगे जपले, छपराची उंची जपली नाही, आणि बोलणे तर मुळीच नाही. त्या काळची भाषा प्रत्यक्ष आढळते ती १६ चिन्हांच्या रून लिपीतील त्रोटक लेखांत. देवांच्या व वीरांच्या कथा आपणास ज्ञात आहेत, त्या मुख्यतः १३व्या शतकातील आइसलँडी लेखनामुळे. तोवर हे घर ओस पडून कित्येक पिढ्या लोटल्या होत्या. लोफोटेनहून आइसलँडला गेलेल्या एका ओलाफाचा उल्लेख त्या वाङ्मयात येतो. तोच बोर्गचा धनी, हे अनुमान होय. वेशधारी मुखातून मात्र ते घडलेल्या गोष्टीसारखे कानी पडते.

भाषाशास्त्रात अनुमानित रूपापूर्वी तारका घालण्याचा दंडक आहे. बोलण्यात तारका घालता येत नाही हे खरे; परंतु मराठी श्रोत्यास ‘होता’ आणि ‘असावा’ यांतील अंतर कोणी शिकवावे लागत नाही. बोर्गच्या कथकाने ओलाफाविषयी एवढे अंतर राखले, तर कथेची गोडी उणावेल असे आम्हांस वाटत नाही.