मिथक, अद्भुतिका आणि इतिहासाची बेडी

कुमारवाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुतिकेत मिथकाचे स्थान सजावटीपुरतेच असते, असे समीक्षेत बहुधा गृहीत धरले जाते. क्वामे म्बालिया यांची ‘ट्रिस्टन स्ट्राँग पंचेस अ होल इन द स्काय’ (२०१९) ही कादंबरी या गृहीतकाचा फेरविचार करावयास लावते.

घानातील अकान समाजात लोककथांना ‘अनान्सेसेम’, म्हणजे अनान्सी या कोळ्याच्या कथा, असे म्हणतात. अजगर, बिबळ्या, गांधीलमाश्या यांना युक्तीने पकडून अनान्सीने आकाशदेव न्यामेकडून या कथा मिळविल्या. रॅट्रे यांच्या १९३० च्या संग्रहातून या कथनपरंपरेचा एक महत्त्वाचा संकेत कळतो: निवेदक आरंभीच कथेच्या खरेपणाची जबाबदारी नाकारतो. या नकारामुळेच त्याला बलिष्ठांचा उपहास करण्याची मुभा मिळते.

म्बालिया हा संकेतच उलटा करतात. शिकागोचा ट्रिस्टन आपल्या मृत मित्राची, एडीची, कथांची वही उराशी बाळगून आहे. ती वही पळविते चिकाची बाहुली. मूळ अकान कथेत अनान्सीने सापळा म्हणून वापरलेली ही बाहुली; अटलांटिकपार ब्रेर रॅबिटच्या कथेतील डांबराची बाहुली तिची बहीणच शोभते. तिच्या पाठलागात ट्रिस्टन ज्या जगात कोसळतो, त्याचे नाव ‘मिडपास’ आहे. ते गुलामांना अमेरिकेकडे नेणाऱ्या सागरी प्रवासाचे स्मरण देते. तेथील राक्षस बेड्यांच्या आकाराचे, लोखंडी आहेत. अशा जगात ‘ही कथा खरी नव्हे’ असे म्हणण्याची सोय निवेदकाला उरत नाही, कारण बेडी खरी होती. ‘अनान्सेसेम’ ही कथाप्रकाराची संज्ञा येथे कथा सांगणाऱ्याची उपाधी होते, हा बदल म्हणूनच केवळ शाब्दिक नाही. कथन हे आता खेळ न राहता उत्तरदायित्व ठरते.

या रूपांतराची किंमतही नोंदविली पाहिजे. अकान कथनात श्रोते मध्येच गाणे सुरू करून कथा अडवितात. कथा सर्वांची असते. रिक रायर्डन यांच्या नावाने निघणाऱ्या मालिकेच्या साहसी साच्यात हे सामूहिक कथन एकट्या नायकाच्या झुंजीत आक्रसते आणि देवता योद्ध्यांच्या पातळीवर येतात. तथापि, ज्यांच्या पूर्वजांची स्मृती सक्तीने तोडली गेली, त्यांच्या वंशजांना मिथक वारसाहक्काने आयते मिळत नाही. ट्रिस्टनला ते शोकाच्या वाटेने मिळवावे लागते. अनान्सीनेही कथा फुकट मिळविल्या नव्हत्या. परंपरेशी या कादंबरीचे खरे नाते येथे आहे.