आतड्यातील हितकर जिवाणूंचे मापन : एक चिकित्सा

लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली प्राणवायू मोजणाऱ्या विद्युदग्रावर विकराचा थर बसवून शर्करा मोजण्याची युक्ती मांडली. जैवसंवेदकाचा इतिहास तेथून सुरू होतो. आता हे साधन आतड्यातील हितकर जिवाणूंच्या गणनेस लावले जात आहे. इष्ट जिवाणूच्या जनुकखंडाशी जुळणारा धागा विद्युदग्रावर बांधावयाचा, आणि मलाच्या नमुन्यातील खंड त्यास चिकटताच प्रवाहात पडणारा फरक मोजावयाचा, ही त्याची एक प्रमुख रीत होय. अल्प खर्चाच्या व त्वरित उत्तर देणाऱ्या अशा साधनाचे स्वागतच केले पाहिजे. तथापि त्याच्या आकड्याचा अर्थ लावताना दोन प्रश्न टाळता येत नाहीत.

पहिला प्रश्न, मोजले काय? जनुकखंड मृत पेशींतही टिकून राहतो. शिवाय ज्या जनुकावरून जिवाणू ओळखतात, त्याच्या प्रती एका जातीत एक, तर दुसरीत दहाहूनही अधिक असतात. तेव्हा खंडांची संख्या म्हणजे जिवंत जिवाणूंची संख्या नव्हे.

दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे : हितकर कोणास? प्रीव्होटेला कोप्री या जिवाणूचेच उदाहरण घेऊ. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात नव्याने जडलेल्या संधिवाताच्या रुग्णांत तो अधिक आढळला, व तो संशयास्पद ठरला. उलट २०१९ साली भोपाळ व केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात, शाकाहारप्रधान भोपाळकडील लोकांत प्रीव्होटेला वंशाचेच प्राबल्य दिसले. मेहरूणसारख्या खानदेशी वस्तीत ज्वारी-बाजरीची भाकरी व डाळी यांवर पोसलेल्या आतड्यांतही तसेच आढळले, तर त्यात नवल नाही. अशा ठिकाणी परदेशी प्रमाणावर बेतलेला संवेदक निरोगी माणसासही सदोष ठरवील. आणि हा दोष यंत्राचा नसून, ज्याच्याशी तुलना केली त्या प्रमाणाचा असेल.

म्हणून संवेदकाची सूक्ष्मता वाढविण्याइतकेच स्थानिक प्रमाण निश्चित करणे अगत्याचे आहे. ज्या लोकांसाठी उपकरण घडवावयाचे, त्यांच्यातीलच निरोगी स्त्री-पुरुषांचे नमुने निरनिराळ्या ऋतूंत घेतले पाहिजेत. कारण मेहरूणची बोरे हिवाळ्यात येतात, आणि ऋतूबरोबर आहार पालटतो. हे काम कष्टाचे व अप्रसिद्ध आहे. परंतु त्यावाचून संवेदक संख्या सांगेल, आरोग्य सांगणार नाही.