माणूस नसलेला औदुंबर

बालकवींना आनंदाचे कवी म्हणण्याची आपली रीत आहे. वर्गात मीही वर्षानुवर्षे तेच सांगत आलो. परंतु हिंगोलीकडच्या आमच्या शाळेत ‘औदुंबर’ शिकविताना एका मुलाने विचारले, “गुरुजी, गाव आहे, वाट आहे, मग माणूस कुठं आहे?” मी निरुत्तर झालो.

१८९० साली धरणगावी जन्मलेल्या त्र्यंबक ठोमरे यांचे वडील पोलीस खात्यात होते. बदलीगणिक गाव बदले. सोबती मागे राहत. झाडे, झरे मात्र नव्या गावीही भेटत. मला वाटते, निसर्ग ही त्यांची चैन नव्हती, सोबत होती. म्हणूनच ‘फुलराणी’ लिहिणारा हात ‘पारवा’ही लिहितो. १९१८ साली भादलीला आगगाडीखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा वयाची २८ वर्षेही पुरी नव्हती.

आता मी तो आनंद शिकवितो, पण त्यातल्या एकटेपणासकट.