किमान बल : उत्तर बरोबर, प्रश्न अपुरा

स्थितिकीच्या पुस्तकांत हटकून भेटणारे एक उदाहरण आहे : 'उंच कपाट कलंडवण्यास कमीत कमी किती बल लागेल?' उत्तर बहुधा असे असते : वरच्या कडेला आडवे बल लावा; बल = वजन × रुंदी ÷ (२ × उंची). या उदाहरणाविषयी आमच्या दोन तक्रारी आहेत.

पहिली तक्रार दिशेची. 'कमीत कमी' म्हटल्यावर बलाची दिशाही निवडायला हवी. ज्या कडेवर वस्तू कलंडते, तिच्यापासून सर्वांत दूर असते कर्णाचे दुसरे टोक. तेथे कर्णाला काटकोनात बल लावले की ते सर्वांत कमी लागते. सुमारे ३ किलोग्रॅमची, १९ सेंमी उंच व ९ सेंमी जाड वीट उभी करा. वरच्या मागच्या कडेशी दोरी अडकवून ती ताणकाट्याने पुढे ओढा. आडवे ओढल्यास काटा सुमारे ७१० ग्रॅम दाखवील, २५ अंश वर ओढल्यास ६४०. मात्र घर्षणांक ०.२४ पेक्षा कमी असेल तर आडव्या ओढीने वीट कलंडण्याऐवजी घसरेल. ही अट उदाहरणात क्वचितच दिलेली असते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. वरील सूत्रात गुरुत्वमध्याची उंची कोठेच नाही! तेवढेच सामान वरच्या कप्प्यात ठेवा की खालच्या, कपाट उचलू लागण्यास लागणारे बल तेच. मग 'गुरुत्वमध्य खाली ठेवा' हा नेहमीचा उपदेश कशाच्या आधारावर? चौकस विद्यार्थ्याने असे विचारले तर शिक्षकांनी काय सांगावे?

पुणे–सोलापूर महामार्गावरील यवतच्या मुलांना गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्या परिचयाच्या असतात. वळणावर ट्रॉलीला बाहेर लोटणारे अपकेंद्री बल आपण निवडू त्या बिंदूवर लागत नाही. ते गुरुत्वमध्यावरच लागते. दोन बाजूंच्या चाकांतील अंतर १.६ मीटर व गुरुत्वमध्याची उंचीही तेवढीच धरली, तर वजनाच्या निम्मे बल ट्रॉली उलटवते. ऊस उंच रचून गुरुत्वमध्य २ मीटरवर नेला, तर ०.४ पट पुरते. कपाटाचेही तसेच : गुरुत्वमध्य जितका उंच, तितक्या कमी कोनातून कलल्यावर ते आपोआप पडते.

म्हणून शिक्षकांनी या उदाहरणाला आणखी एक प्रश्न जोडावा : 'किती अंश कलल्यावर हात काढला तरी कपाट पडेल?' ट्रॉली कोठवर भरावी, याचा विचार मुले त्यातूनच करू लागतील.