दुर्गम वस्तीतील कुटुंबाचे चित्रण : ‘जैत रे जैत’ आणि ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ यांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

दुर्गम वस्तीतील कुटुंबजीवनाचे चित्रण बहुधा बाहेरून आलेला कलावंत करतो आणि त्याचा वाचक-प्रेक्षकही बाहेरचाच असतो. त्यामुळे अशा कलाकृतीत घरातले काय दाखवले आहे याइतकेच घराबाहेर काय ठेवले आहे, हे तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने गो. नी. दांडेकर यांची ‘जैत रे जैत’ (१९६५) ही कादंबरी आणि तिच्यावर आधारित जब्बार पटेल दिग्दर्शित चित्रपट (१९७७) यांचा विचार केला आहे. या कथेतील ठाकरवाडी नवी मुंबईला लागून असलेल्या कर्नाळ्याच्या परिसरातील आहे. तुलनेसाठी रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) हा माहितीपट घेतला आहे, कारण हिमप्रदेशातील इन्युइट कुटुंबाची जगभर रूढ झालेली प्रतिमा मुख्यतः या चित्रपटाने घडवली.

नानूकचे घर

कॅनडातील हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या इनुकजुआक गावाच्या परिसरात, हा माहितीपट चित्रित झाला. शिकार, बर्फाचे घर बांधणे, मुलांना जवळ घेऊन निजणे अशा प्रसंगांतून त्यात एका कुटुंबाचा दिनक्रम उलगडतो. तथापि ते कुटुंब चित्रीकरणासाठी जुळवलेले होते. नानूकचे खरे नाव अलाकारिआलाक होते आणि पडद्यावरील त्याची पत्नी प्रत्यक्षात त्याची पत्नी नव्हती. आत उजेड यावा म्हणून बर्फाचे घर अर्धेच बांधले गेले. त्या काळी इन्युइट शिकारी बंदुका वापरत असत, पण चित्रपटात भाल्याने शिकार दाखवली आहे. ग्रामोफोन पाहून नानूक चकित होतो आणि तबकडी चावून पाहतो, असाही प्रसंग आहे. वस्तुतः या चित्रपटाचा खर्च रेव्हियाँ फ्रेर या फरच्या व्यापारी कंपनीने केला होता. व्यापार त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत आलेला असताना पडद्यावरील घर मात्र बाजारपेठेपासून अस्पर्शित भासते.

ठाकरवाडीतील घर

‘जैत रे जैत’मध्ये भगताचा मुलगा नाग्या ‘पुण्यवंत’ होण्याची आस धरतो. राणीमाशीच्या डंखाने तो एक डोळा गमावतो आणि लिंगोबाच्या डोंगरावरील पोळी उतरवण्याची प्रतिज्ञा करतो. पहिल्या नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याची सहचरी होते. पोळी खाली येतात, परंतु त्या विजयातच चिंधीचा अंत होतो.

या कथेतील कुटुंबचित्रणाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे चिंधीचे स्वातंत्र्य. नको असलेला संसार मोडून आपल्या पसंतीच्या पुरुषाबरोबर राहण्याचा निर्णय ती घेते आणि तिला आधार देणारी रीत तिच्या समाजात आहे. देज आणि काडीमोड या प्रथांमुळे स्त्रीला मिळणारी ही मोकळीक मध्यमवर्गीय वाचकाला अंतर्मुख करणारी आहे. स्मिता पाटील यांच्या अभिनयाने तिला ठसठशीत रूप दिले. मात्र याच स्त्रीचे प्राण पुरुषाच्या प्रतिज्ञेपायी जातात. घर उभारण्यात तिचा वाटा समान, पण विजय नाग्याच्या नावावर जमा होतो. शीर्षकातील ‘जैत’ नेमकी कोणाची, हा प्रश्न कथा सूचित करते, पण त्यावर थांबत नाही.

चौकटीबाहेरचे वास्तव

कादंबरी आणि चित्रपट यांच्यामधील बारा वर्षांत या परिसरात मोठे बदल घडले. १९६८ मध्ये कर्नाळा पक्षी अभयारण्य घोषित झाले आणि १९७० मध्ये नव्या शहराच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना झाली. मुंबई-गोवा रस्ता तर डोंगराच्या पायथ्यानेच जातो. पनवेलपासून हे अंतर जेमतेम बारा किलोमीटर आहे. कथेतील संघर्ष मात्र माणूस आणि राणीमाशी यांच्यापुरताच राहतो. डोंगर कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. यावरून असे दिसते, की वस्तीची दुर्गमता अंतरापेक्षा लेखक आणि दिग्दर्शकाने केलेल्या निवडीवर अधिक अवलंबून असते.

तरीही दोन्ही कृतींना एकाच मापाने मोजणे न्याय्य ठरणार नाही. फ्लॅहर्टी आपले चित्रण वास्तव म्हणून सादर करतात. दांडेकर आणि पटेल आपली कथा लोककथेच्या अंगाने सांगतात. ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत ही कथा पुढे नेतात. लोककथेला कालनिरपेक्ष असण्याची मुभा असते. अडचण तेव्हा निर्माण होते, जेव्हा अध्यापनात आणि समीक्षेत या कथेकडे ‘आदिवासी जीवनाचे दर्शन’ म्हणून पाहिले जाते.

अशा प्रतिमांचे परिणाम केवळ वाङ्मयीन नसतात. १९५३ मध्ये कॅनडा सरकारने इनुकजुआक येथील काही कुटुंबांना सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेकडे हलवले. त्यांनी पुन्हा शिकारीवर, परंपरेने जगावे, हे त्यामागचे एक समर्थन होते. या स्थलांतराबद्दल सरकारने २०१० मध्ये माफी मागितली. स्वयंपूर्ण, अलिप्त कुटुंबाची कल्पना धोरणात उतरली की तिची किंमत प्रत्यक्ष माणसांना मोजावी लागते.

समारोप

झकारियास कुनुक या इन्युइट दिग्दर्शकाने ‘अतानारजुआत’ (२००१) हा चित्रपट इनुक्टिटुट भाषेत केला. त्याचाही आधार लोककथाच आहे, पण ती सांगणारा त्याच घरातला आहे. मराठीत वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ या कवितासंग्रहाने आदिवासी अनुभवाला आतला स्वर दिला. ‘जैत रे जैत’ अशा लेखनाच्या शेजारी ठेवून वाचली, तर तिचे सौंदर्य उणावत नाही आणि तिची मर्यादाही स्पष्ट होते. कर्नाळ्याच्या वाड्यांतील मुले आज परिसरातील महाविद्यालयांत शिकू शकतात. त्यांच्यासमोर ही कृती शिकवताना, घरातील चिंधीबरोबर घराबाहेर राहिलेल्या डोंगराच्या मालकीचीही चर्चा करणे, ही अध्यापकाची जबाबदारी ठरते.